शिकागोच्या ध्वजावरील तारे: आखणी, इतिहास आणि पाचव्या ताऱ्याचा प्रश्न

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. शिकागो शहराच्या ध्वजावर सुरुवातीला दोनच तारे होते, ते चार कसे झाले. उत्तम शहरध्वजांची चर्चा निघाली की या ध्वजाचे नाव नेहमी पुढे का येते. आणि त्यावर पाचवा तारा येण्याची शक्यता कितपत आहे. ध्वज आखणे आणि ते कापडावर उतरवून घेणे हे माझे काम असल्यामुळे मी इतिहास आणि आखणी वेगवेगळी न मांडता एकत्रच मांडतो, कारण या ध्वजाच्या बाबतीत त्या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या होत नाहीत. माझे मत आधीच सांगतो. या ध्वजावर तारे वाढवता आले याचे श्रेय त्या ताऱ्यांना दिलेल्या अर्थांपेक्षा 1917 साली बसवलेल्या भक्कम आकृतीला अधिक आहे. अर्थ बदलले, काही शिळे झाले, एकावर तर आज गंभीर आक्षेप आहेत. आकृतीला मात्र धक्का लागला नाही.

प्रथम ध्वज नीट पाहू. पांढऱ्या कापडावर दोन आडवे निळे पट्टे आहेत आणि त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत चार लाल तारे एका ओळीत आहेत. शहराच्या संहितेत त्याचे वर्णन थोडक्या शब्दांत केलेले आहे. ध्वज पांढरा असावा. प्रत्येक निळ्या पट्ट्याने ध्वजाचा सहावा भाग व्यापावा. हे पट्टे वरच्या आणि खालच्या कडेपासून उंचीच्या सहाव्या भागाहून किंचित कमी अंतरावर असावेत. मधल्या तिसऱ्या हिश्श्यात सहा तीक्ष्ण टोकांचे चार तेजस्वी लाल तारे शेजारी शेजारी, जवळ जवळ बसवावेत. एवढ्या वर्णनावरून, समोर चित्र नसतानाही, कोणताही कुशल कारागीर तो ध्वज शिवू शकतो. ध्वजाची ही पहिली कसोटी मी मानतो, आणि फार थोडे शहरध्वज तिला उतरतात. ज्या ध्वजावर शहराची मुद्रा छापलेली असते, त्याचे वर्णन शब्दांत करायला बसले की पान भरते आणि तरीही चित्र जोडावे लागते.

शिकागोला ध्वजाच्या आधी एक चिन्ह मिळालेले होते. 1893 च्या जागतिक प्रदर्शनाची तयारी चालू असताना, 1892 साली, तिथल्या एका वर्तमानपत्राने शहराची ओळख ठरवण्यासाठी स्पर्धा घेतली आणि तिच्यातून ‘वाय’ या रोमन अक्षराच्या आकाराचे चिन्ह पुढे आले. शहराच्या मध्यावर शिकागो नदीच्या उत्तर आणि दक्षिण शाखा मिळतात आणि मुख्य प्रवाह तिथून सरोवराच्या दिशेने फुटतो. नकाशात त्या ठिकाणी जी आकृती दिसते तीच या चिन्हात घेतली आहे. पुलांवर, सार्वजनिक इमारतींवर आणि शिकागो थिएटरच्या प्रसिद्ध उभ्या पाटीमागे ते आजही दिसते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की शहर म्हणजे पाणी, ही कल्पना ध्वजाच्या आधीपासून लोकांच्या डोळ्यांत बसलेली होती.

1915 साली, विल्यम हेल थॉम्पसन महापौर असताना, ध्वज ठरवण्यासाठी शहराने एक समिती नेमली आणि खुली स्पर्धा जाहीर केली. हजाराहून अधिक नमुने आले आणि त्यांतून वॉलेस राइस यांची आकृती निवडली गेली. राइस हे लेखक आणि कवी होते, आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये हेराल्ड्री, म्हणजे युरोपातील घराण्यांच्या ढालींवरील चिन्हांचे शास्त्र, या विषयावर व्याख्याने देत असत. शहराच्या सभेने 4 एप्रिल 1917 रोजी ध्वज स्वीकारला. त्यानंतर दोनच दिवसांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली.

राइस यांच्या विषयाचा ठसा या ध्वजाच्या रंगसंगतीवर स्पष्ट दिसतो. हेराल्ड्रीतील एक जुना नियम असा की पांढरा आणि पिवळा हे एका गटातले, तर लाल, निळा, हिरवा, काळा हे दुसऱ्या गटातले. एका गटातला रंग त्याच गटातल्या रंगावर ठेवू नये. हा नियम रणांगणावर दुरून ओळख पटावी म्हणून रूढ झाला आणि ध्वजाच्या बाबतीत तो तितकाच खरा आहे. शिकागोच्या ध्वजात लाल आणि निळा कुठेही एकमेकांना शिवत नाहीत. दोहोंच्या मध्ये प्रत्येक ठिकाणी पांढरा आहे. शिवाय निळा गडद न घेता व्यवहारात पाण्यासारखा फिकट घेतला जातो, त्यामुळे लाल, पांढरा आणि निळा हे राष्ट्रध्वजाचेच तीन रंग असूनही हा ध्वज शेजारच्या काठीवरील राष्ट्रध्वजाची नक्कल वाटत नाही. फिकट निळ्यावर लाल ठेवला असता तर ढगाळ दिवशी तारे मळकट दिसले असते.

पट्ट्यांचा अर्थ भूगोलाचा आहे. तीन पांढरे पट्टे म्हणजे शहराचे उत्तर, पश्चिम आणि दक्षिण हे तीन भाग. पूर्वेला मिशिगन सरोवर असल्यामुळे चौथ्या पट्ट्याची गरजच पडत नाही. वरचा निळा पट्टा म्हणजे सरोवर आणि नदीची उत्तर शाखा. खालचा म्हणजे दक्षिण शाखा आणि मोठा कालवा. या कालव्याचा उल्लेख केवळ भरीचा नाही. एकोणिसाव्या शतकात शहराचे सांडपाणी नदीतून सरोवरात जात असे आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून घेतले जाई. या विळख्यातून सुटण्यासाठी अभियंत्यांनी सुमारे 45 किलोमीटर लांबीचा कालवा खोदला आणि 1900 च्या जानेवारीत तो खुला झाल्यावर नदीचा प्रवाह उलटा फिरला. सरोवराकडे जाणारे पाणी सरोवरापासून दूर, मिसिसिपी नदीच्या खोऱ्याकडे वाहू लागले. ध्वज आखला गेला तेव्हा ही घटना जेमतेम सतरा वर्षांची होती. निसर्गाने दिलेले पाणी आणि माणसाने वळवलेले पाणी अशी दोन्ही त्या पट्ट्यांत आहेत, हे मला या ध्वजातील सर्वांत विचारपूर्वक ठेवलेले प्रतीक वाटते. ताऱ्यांची चर्चा खूप होते, पट्ट्यांची फारशी होत नाही, म्हणून इथे थोडे थांबलो.

आता तारे. 1917 च्या मूळ ध्वजावरील दोन तारे म्हणजे 1871 ची आग आणि 1893 चे प्रदर्शन. 8 ऑक्टोबर 1871 च्या रात्री लागलेली आग 10 तारखेपर्यंत धुमसत होती. सुमारे 300 माणसे दगावली आणि एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले. त्यानंतर बावीस वर्षांच्या आत याच शहराने कोलंबसाच्या प्रवासाच्या चारशेव्या वर्षानिमित्त असे प्रदर्शन भरवले की सहा महिन्यांत तिथे दोन कोटी सत्तर लाखांहून अधिक वेळा लोकांनी हजेरी लावली. मराठी वाचकाला या प्रदर्शनाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. 11 सप्टेंबर 1893 रोजी स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले ती परिषद या प्रदर्शनाच्याच निमित्ताने भरली होती, आणि ती ज्या इमारतीत भरली तीच पुढे राइस जिथे शिकवत त्या आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत झाली. आग आणि प्रदर्शन हे दोन तारे शेजारी ठेवण्यात एक पूर्ण विधान आहे: हे शहर जळाले आणि पुन्हा उभे राहिले. माझ्या मते 1917 चा दोन ताऱ्यांचा ध्वज अर्थाच्या दृष्टीने सर्वांत नेमका होता.

तिसरा तारा 1933 साली आला. 1833 मध्ये शिकागोला गावाचा कायदेशीर दर्जा मिळाला, त्याला शंभर वर्षे झाली म्हणून ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ नावाचे दुसरे मोठे प्रदर्शन मे 1933 मध्ये सुरू झाले, आणि त्याच वर्षी त्याचा तारा ध्वजावर लावला गेला. मंदीच्या काळात भरलेले हे प्रदर्शन 1934 च्या शरद ऋतूपर्यंत चालले. म्हणजे तारा लागला तेव्हा घटना पूर्णही झाली नव्हती. ध्वजाच्या बाबतीत अशी घाई मला पटत नाही. कोणत्या घटनेला शहराच्या आठवणीत कायमची जागा मिळेल हे ठरायला निदान एक पिढी जावी लागते, आणि आज शिकागोच्या सामान्य नागरिकाला चार तारे विचारले तर सर्वांत शेवटी आठवतो तो बहुधा हाच.

चौथा तारा 1939 साली आला, पण त्याची घटना सर्वांत जुनी होती. नदीच्या मुखाशी 1803 मध्ये बांधलेल्या फोर्ट डिअरबॉर्न या लष्करी ठाण्याचा हा तारा कालक्रमानुसार ध्वजदंडाजवळ, पहिल्या जागी ठेवण्यात आला, त्यामुळे 1917 पासून पहिला असलेला आगीचा तारा दुसरा झाला. शहराची सुरुवात ध्वजावर हवी हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. परंतु सुरुवात म्हणून किल्ला निवडला गेला, याबद्दल आज आक्षेप घेतले जातात आणि ते मला योग्य वाटतात. 15 ऑगस्ट 1812 रोजी ठाणे सोडून निघालेले सैनिक आणि त्यांच्यासोबतची कुटुंबे यांच्यावर पोटावाटोमी या तिथल्या आदिवासी जमातीच्या योद्ध्यांनी हल्ला केला आणि नंतर ठाणे जाळले. या घटनेकडे शहराने दीर्घकाळ एकाच बाजूने पाहिले. ज्यांची ही भूमी होती त्यांची बाजू त्यात नव्हती. शिवाय किल्ल्याच्या आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, नदीच्या मुखाशी जाँ बातिस्त पॉइंट दु साबल हा कृष्णवर्णीय व्यापारी आपल्या पोटावाटोमी पत्नीसह घर करून राहत होता आणि शहराचा पहिला कायमचा बिगरआदिवासी रहिवासी म्हणून आज त्याचेच नाव घेतले जाते. 2021 साली सरोवराकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले. 1939 च्या सभेने किल्ल्याऐवजी त्याची निवड केली असती तर पहिला तारा आज कितीतरी भक्कम पायावर उभा असता.

प्रत्येक ताऱ्याच्या प्रत्येक टोकालाही अर्थ आहे. किल्ल्याच्या ताऱ्याची सहा टोके म्हणजे दळणवळण, श्रम, व्यापार, वित्त, लोकसंख्या आणि आरोग्य. आगीच्या ताऱ्याची टोके म्हणजे धर्म, शिक्षण, सौंदर्यदृष्टी, न्याय, परोपकार आणि नागरिकांचा अभिमान. 1893 च्या ताऱ्याची टोके फ्रान्स, ब्रिटन, व्हर्जिनिया इथपासून इलिनॉयपर्यंत या भूमीवर ज्यांची सत्ता होती त्यांची आहेत, तर 1933 च्या ताऱ्याची टोके शहराच्या ब्रीदवाक्यांची आणि बिरुदांची, ज्यांत लोकसंख्येतील क्रमांकाचाही समावेश होता. तो क्रमांक पुढे राहिला नाही. चोवीस टोकांचे चोवीस अर्थ पाठ असलेला माणूस शिकागोतही विरळाच, आणि त्यांतला एखादा कालबाह्य झाला तरी ध्वजाला काही होत नाही, कारण ते अर्थ कापडावर लिहिलेले नाहीत. हीच माहिती अक्षरांत किंवा चित्रांत ध्वजावर काढली असती, तर लोकसंख्येचा क्रमांक घसरला त्या वर्षी नवा ध्वज करावा लागला असता. आपण स्वतः कधी एखाद्या शहरासाठी ध्वज सुचवणार असाल तर हे लक्षात ठेवावे: अर्थ हवे तेवढे द्यावेत, पण आकृती त्यांच्यावाचून उभी राहिली पाहिजे.

ताऱ्याला सहा टोके का, याचे उत्तर राइस यांनी दिलेले आहे. पाच टोकांचा तारा हा सार्वभौम राज्यांचे चिन्ह म्हणून वापरला जातो, आणि शहर हे राज्य नव्हे. शिवाय त्यांनी काढला तसा तारा त्या वेळी माहीत असलेल्या दुसऱ्या कोणत्याही ध्वजावर नव्हता. ‘तसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण सहा टोकांचा नेहमीचा तारा दोन समभुज त्रिकोण एकमेकांवर ठेवून होतो आणि त्याची टोके 60 अंशांची, बसकी असतात. शिकागोचा तारा अधिक काटेरी असतो. टोक 30 अंशांचे धरले, तर बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या 10 सेंटिमीटर असताना आतल्या खाचा केंद्रापासून सुमारे 3.7 सेंटिमीटरवर येतात. दोन त्रिकोणांच्या ताऱ्यात त्याच खाचा सुमारे 5.8 सेंटिमीटरवर असतात. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ध्वजांत हा फरक पुष्कळदा हरवलेला असतो. खरेदी करताना आधी ताऱ्याची खाच पाहावी. ती उथळ असेल तर ध्वज चुकीचा आहे.

ही तीक्ष्ण टोके शिवायला अवघड असतात. नायलॉनच्या कापडातून तारा कापून पांढऱ्या पट्टीवर झिगझॅग टाक्याने बसवताना 30 अंशांच्या टोकाशी सुई फिरवायला जागा उरत नाही, टाके एकमेकांवर चढतात आणि टोक गाठीसारखे जाड होते. त्यावर उपाय असा की टोकाच्या शेवटच्या काही मिलिमीटरांत टाक्याची रुंदी हळूहळू कमी करत न्यावी आणि टोकावर सुई कापडात ठेवून कापड फिरवावे. दुसरी बाजूही तितकीच स्वच्छ दिसावी यासाठी मागून पांढरे कापड ताऱ्याच्या आकारात कातरून काढावे लागते, म्हणजे एकच लाल तुकडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चार ताऱ्यांची मिळून चोवीस टोके आणि चोवीस खाचा. चांगल्या शिवलेल्या शिकागो ध्वजाची किंमत छापील ध्वजाच्या मानाने जास्त का असते, ते यावरून कळेल.

‘सहाव्या भागाहून किंचित कमी’ या शब्दांकडेही लक्ष वेधतो. समजा ध्वज 120 सेंटिमीटर उंच आणि, व्यवहारात रूढ असलेल्या 2:3 या प्रमाणानुसार, 180 सेंटिमीटर लांब आहे. निळे पट्टे प्रत्येकी 20 सेंटिमीटर. कडेच्या पांढऱ्या पट्ट्या तंतोतंत 20 ठेवल्या तर मध्ये 40 सेंटिमीटर उरतात. त्या 19 केल्या तर मध्ये 42 मिळतात. कागदावर हा फरक नगण्य वाटतो, पण तारे ज्या जागेत बसायचे ती जागा मोकळी होते. वरच्या आणि खालच्या कडेला ध्वज दुमडून शिवलेला असतो, शिवाय उजळ आकाशापुढे पांढऱ्या रंगाची कड डोळ्याला विरघळल्यासारखी वाटते. त्यामुळे कडेच्या पट्ट्यांचे खरे माप कोणी हेरत नाही, मधली जागा मात्र सर्वांना दिसते. राइस यांनी आखणी करताना कापडाचा विचार केला होता, असे मी या एका वाक्यांशावरून म्हणतो.

आणखी एक गुण वापरणाऱ्यालाच कळतो. आजचा चार ताऱ्यांचा ध्वज वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे सारखाच आहे. तो उलटा लावला, मागून पाहिला, इमारतीवरून उभा सोडला, तरी चुकत नाही. उभा सोडल्यावर तारेही एकाखाली एक नीट उभे राहतात. पाऊस पडत असताना घाईने ध्वज चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला याचे मोल विचारावे. त्याची दुसरी बाजू अशी की वरचा निळा पट्टा सरोवराचा आणि खालचा कालव्याचा, पहिला तारा किल्ल्याचा आणि शेवटचा प्रदर्शनाचा, हे भेद ध्वज स्वतः सांगत नाही. ही उणीव मी आनंदाने पत्करीन.

त्याच्या लौकिकाविषयी. उत्तर अमेरिकेतील ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने 2004 साली अमेरिकेतील 150 शहरांच्या ध्वजांना गुण देण्याचे सर्वेक्षण केले. त्यात वॉशिंग्टन पहिले आणि शिकागो दुसरे आले. सर्वांत शेवटचा क्रमांक आयडाहो राज्यातील पोकाटेलो शहराचा लागला, ज्याच्या ध्वजावर घोषवाक्य तर होतेच, पण ट्रेडमार्कची खूणही छापलेली होती. पोकाटेलोने 2017 मध्ये नवा ध्वज स्वीकारला. हीच संघटना चांगल्या ध्वजासाठी पाच कसोट्या सांगते: आकृती साधी असावी, प्रतीके अर्थपूर्ण असावीत, रंग दोन किंवा तीनच असावेत, अक्षरे आणि मुद्रा नसाव्यात, आणि ध्वज इतरांहून वेगळा असावा. शिकागोचा ध्वज या सगळ्या कसोट्यांना उतरतो.

तरीही लोकांचे प्रेम कसोट्यांवर ठरते असे मी म्हणणार नाही. ज्या इलिनॉय राज्यात शिकागो आहे त्याच्या ध्वजावर पांढऱ्या कापडावर राज्याची मुद्रा आहे, आणि तो ओळखू येत नाही म्हणून 1969 साली त्याखाली राज्याचे नाव लिहिण्याचा कायदा करावा लागला. कसोट्यांच्या हिशेबाने तो जवळजवळ प्रत्येक बाबतीत मागे पडतो. असे असूनही 2025 च्या सुरुवातीला नव्या ध्वजासाठी लोकांचे मत घेतले तेव्हा सर्वाधिक मते जुन्याच ध्वजाला पडली. सवय हीदेखील एक निष्ठा आहे आणि आखणी करणाऱ्याने तिचा मान ठेवावा. मात्र त्या राज्यध्वजाचा आणि शिकागोच्या ध्वजाचा फरक दुसरीकडे दिसतो. शिकागोच्या ध्वजाचे तुकडे करता येतात. एक लाल तारा काढून घेतला, दोन निळ्या रेघा वेगळ्या केल्या, तरी शिकागो ओळखू येते. म्हणून तो तारा टोप्यांवर, सायकलींवर, दुकानांच्या पाट्यांवर, खेळाडूंच्या कपड्यांवर आणि कित्येकांच्या दंडावर गोंदलेला आढळतो. कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या पोलिसाच्या किंवा अग्निशामक जवानाच्या शवपेटीवरही हा शहरध्वज घातला जातो. ज्या शहराने स्वतःच्या राखेचा तारा ध्वजावर घेतला, तिथल्या अग्निशामकासाठी याहून योग्य वस्त्र मला सुचत नाही. इतक्या टोकाच्या दोन ठिकाणी, कपाटातल्या टी-शर्टवर आणि शवपेटीवर, एकच आकृती शोभून दिसणे हे आखणीतील फार दुर्मीळ यश आहे.

आता पाचवा तारा. कल्पना बऱ्याच वर्षांपासून अधूनमधून निघते. 2 डिसेंबर 1942 रोजी शिकागो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या गटाने पहिली नियंत्रित अणु-साखळी अभिक्रिया घडवली, तिच्यासाठी एक तारा असावा अशी सूचना झालेली आहे. 1968 साली सोल्जर फील्ड मैदानावर सुरू झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्स या बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या स्पर्धांचे नावही पुढे आलेले आहे. 2016 च्या ऑलिंपिक स्पर्धा शिकागोला मिळाल्या असत्या तर त्याचा तारा लागला असता असे अनेकांना वाटत होते, पण 2009 मध्ये तो मान रिओला गेला. कायद्याच्या दृष्टीने अडचण काहीच नाही. 1933 आणि 1939 प्रमाणे शहराच्या सभेने संहितेतील ते कलम दुरुस्त केले की तारा लागला.

अडचण मापाची आहे. वर घेतलेल्याच 120 बाय 180 च्या ध्वजावर 32 सेंटिमीटर उंचीचा तारा धरा. एक टोक वर असलेल्या सहा टोकांच्या ताऱ्याची रुंदी उंचीपेक्षा कमी, म्हणजे या ठिकाणी सुमारे 28 सेंटिमीटर असते. चार तारे आणि मधली तीन अंतरे प्रत्येकी 9 धरली तर एकूण ओळ 139 सेंटिमीटरच्या आसपास होते आणि दोन्ही बाजूंना 20 सेंटिमीटरहून जास्त मोकळा पांढरा भाग राहतो. त्याच मापाचे पाच तारे ठेवले तर ओळ जवळजवळ 175 सेंटिमीटर होते, म्हणजे कडेला अडीच-तीन सेंटिमीटरच उरतात. हे चालणार नाही, कारण वाऱ्याच्या बाजूची, म्हणजे ध्वजदंडापासून दूरची मोकळी कड आधी उसवते आणि दुरुस्तीसाठी ती पुन्हा पुन्हा कापून दुमडावी लागते. दुसऱ्याच दुरुस्तीत कात्री ताऱ्याच्या टोकाला लागेल. मग एक तर अंतरे 4 सेंटिमीटरवर आणावी लागतील, किंवा तारे लहान करावे लागतील. अंतरे कमी केली तर दुरून पाच वेगळे तारे न दिसता एक लाल काटेरी पट्टी दिसेल. तारे लहान केले तर मधली पांढरी जागा रिकामी वाटू लागेल आणि ताऱ्याला आज जे वजन आहे ते जाईल. यांपैकी निवडच करायची झाली तर मी तारा सुमारे 27 सेंटिमीटर उंचीचा आणि अंतर 8 सेंटिमीटरचे घेईन. ओळ 149 सेंटिमीटरच्या आत बसते आणि दोन्ही कडांना 15 सेंटिमीटरहून थोडी अधिक जागा सुटते.

म्हणून शक्यता विचाराल तर पाचवा तारा बसतो, सहावा बसत नाही. उरलेली जागा एकच आहे, आणि ती कोणाला द्यायची हे ठरवताना सभेने 1933 ची घाई करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. कालक्रमाचा नियम पाळला तर नवा तारा मोकळ्या कडेशी येईल आणि सर्वांत आधी झिजेल. त्या बाजूची शिवण दुहेरीऐवजी चौपदरी करण्याची तरतूद त्याच ठरावात लिहून घ्यावी.